माडाचं मीठ

माझा भाचा, धाकट्या चुलतभावाचा मुलगा, कोलाडजवळ हायवेला लागून नर्सरी चालवतो. हिरव्या जाळीची मोठी शेड, आत पाण्याचे फवारे, बाहेर सिमेंटचे बगळे आणि हरणं, आणि या सगळ्याच्या पुढे एक कमान. कमानीवर माझ्या काकांचा, म्हणजे त्याच्या आजोबांचा, फेटा बांधलेला फोटो. अण्णांनी उभ्या जन्मात फेटा बांधला नव्हता. तो कॉम्प्युटरवर बांधला आहे. फोटोखाली त्यांचं वचन लिहिलंय, ‘जे माडाला, तेच झाडाला’. रविवारी मुंबईहून गाड्या घेऊन येणारी माणसं त्या कमानीखाली उभी राहून फोटो काढतात, आतून दोन-चार कुंड्या उचलतात आणि घरी नेऊन महिन्याभरात मारतात. मागे हा भाचा पेणला माझ्याकडे आला होता. आजोबांच्या आठवणींची पुस्तिका काढतोय, आत्या, तू शाळेत शिकवलंयस, तुझं मराठी चांगलं, दोन पानं लिहून दे, आजोबांचं झाडांवरचं प्रेम वगैरे. मी बरं म्हटलं. जाताना त्यानं मला एक वेल दिली, प्लास्टिकच्या टांगत्या कुंडीतली, गळ्यात इंग्रजी नावाची पट्टी अडकवलेली. पट्टी न वाचताच मी ती ओळखली. मग लिहायला बसले आणि ही पानं झाली. ती त्याच्या पुस्तिकेत जाणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

माझे वडील म्हसळ्याच्या बाजूला एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. तिथे सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून मला रोह्याला थोरल्या काकांकडे ठेवलं. घर मोठं, पुढे ओटी, मागे लांबलचक पडवी आणि पडवीपलीकडे वाडी. वाडीत माड, पोफळी, दोन चिकू आणि एक कायम रुसलेलं लिंबू. घरातल्या दिवसाला दोन आवाजांचं कुंपण होतं. एक कंपनीचा भोंगा, जो ऐकून काकू डाळ-तांदूळ चढवायची, आणि दुसरा अण्णांचा अडकित्ता. अण्णा ओटीवर बसून सुपारी कातरायचे, त्या कटकट आवाजावरून त्यांची मर्जी कशी आहे ते आम्हाला आतून कळायचं. काकूच्या हातचं वालाचं बिरडं आणि सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोलंबीचं, कालवण मी आजही विसरलेले नाही, आणि ते वाढताना ती कुणाच्या ताटात किती सोडे पडले हे डोळ्यांनी मोजायची, तेही विसरलेले नाही. माझ्या ताटात बटाटा जास्त असायचा. उपकाराचं जेवण तसंच असतं. मी ते मुकाट जेवायचे आणि अभ्यासात पहिली यायचे, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

अण्णांचा बागायतीत मोठा लौकिक होता. आजूबाजूच्या गावांतून माणसं सल्ला विचारायला यायची. निडीचे एक गुरुजी तर दर महिन्याला आपल्या आंब्याचं एक पान वहीत घालून आणायचे आणि अण्णा ते पान उजेडाकडे धरून असे काही पाहायचे की गुरुजींचा जीव अर्धा व्हायचा. वासरात लंगडी गाय शहाणी. खरी गोष्ट ही, की अण्णांना माड कळायचा आणि माडाखेरीज काही कळायचं नाही. माडही कितपत कळायचा कोण जाणे, कारण माड हे झाडच असं आहे की त्याला माणसाची फारशी गरज लागत नाही. पाणी लावायचा गडी, आळी करायचा गडी, पाडेली येऊन नारळ पाडायचा, आणि अण्णा हातात काठी घेऊन सकाळ-संध्याकाळ वाडीतून एक फेरी मारायचे. त्या फेरीला ते ‘बाग करणं’ म्हणायचे. काकू पाहुण्यांना सांगायची, यांच्या हाताला गुण आहे, हे नुसते शिवले तरी झाड धरतं. हातगुण हा आमच्या घरातला मोठा शब्द. लोणचं टिकलं तर हातगुण, गाय फळली तर हातगुण. न टिकलेल्या लोणच्याचं काय, हे कुणी विचारायचं नाही, कारण ते नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं असायचं.

आमच्याकडे माडाला मीठ घालतात. पावसाच्या आधी आळं उकरायचं, राख, शेण आणि खडेमीठ टाकायचं, वर माती ओढायची. हे मीठ पेणच्या खाडीकडच्या आगरातून यायचं. बायजा नावाची एक आगरी बाई ट्रकबरोबर रोह्याला यायची आणि डोक्यावर पाटी घेऊन ठरलेल्या घरी मीठ पोचवायची. काळी, उंच, तळपायांना मिठानं भेगा पडलेल्या. ती आली की पडवीत बसून काकूकडून चहा घ्यायची आणि सगळ्या जगाची बातमी द्यायची. माडाला त्या मिठानं काही होत नाही, कारण पुढे चार महिने पाऊस असा कोसळतो की मीठ कुठल्या कुठे धुऊन जातं. हे कारण मला फार पुढे कळलं. अण्णांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्या थोरल्या चुलतभावाचं लग्न पेणच्या एका शाळामास्तरांच्या मुलीशी झालं. वहिनी घरात आली तेव्हा तिच्या सामानात पोह्याच्या पापडांचे दोन डबे, चार साड्यांची ट्रंक आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक वीतभर फांदी होती. तिच्या वडिलांना ती वेल माथेरानच्या कुठल्याशा बंगल्याच्या माळ्यानं दिली होती. जाड चकचकीत पानं, तोडलं तर दूध निघणार, आणि फूल म्हणजे मेणाच्या बारीक चांदण्यांचा गोल घोस. ते लोक तिला मेणफुलाची वेल म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. काकूनं ती फांदी पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, लोकांच्या सुना सोनं आणतात, आमचीनं काडी आणलीय. वहिनीनं ते ऐकलं आणि हसली. तिला तेव्हा वाटलं होतं की ही थट्टा आहे.

त्या वेलीचे लाड करायला वहिनीनं मला शिकवलं. गोड्या तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली. तळाला कौलांचे तुकडे, वर नारळाचं सोडण कुटून, मूठभर कोळसा आणि अगदी थोडी पालापाचोळ्याची माती. मी म्हटलं, एवढ्याश्या मातीत काय जगणार? ती म्हणाली, हिला मुळाशी चिखल नको, वारा हवा. डबा पडवीच्या खांबाशी, सकाळचं ऊन मिळेल आणि पावसाची झड लागणार नाही अशा जागी ठेवला आणि वाशाला सुतळी बांधून वेल वर नेली. पाणी घालायच्या आधी बोट मातीत घालून बघायचं. बोटाला ओल लागली तर तांब्या परत नेऊन ठेवायचा. पानाखाली मावा दिसला की रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पुसायचं. आणि फूल आलं तरी देठापासून तोडायचं नाही, कारण पुढच्या वर्षीचं फूल त्याच देठावर येतं. देवालासुद्धा नाही द्यायचं का, असं मी विचारलं. देवाला जास्वंद आहे की, ती म्हणाली. मला ती बाई त्या क्षणापासून आवडू लागली. त्या घरात माझ्याशी अभ्यासाखेरीज कशाहीबद्दल बोलणारी ती पहिलीच.

दोन वर्षं वेल नुसती पानांनी वाढली. काकू येता-जाता टोमणे मारायची, नुसता पाला, बकरीला तरी घाला. वहिनीच्या कुशीबद्दलही तेच टोमणे असायचे. तिसऱ्या वर्षी, माझी दहावीची परीक्षा होऊन मी निकालाची वाट बघत होते तेव्हा, वेलीला कळे धरले. आधी राईएवढे, मग वाटाण्याएवढे, सात घोस. वहिनी रोज सकाळी ते मोजायची. आणि मग अण्णांना वेल दिसली. दोन वर्षं जिच्या बाजूनं ते पिंक टाकायला जायचे, ती वेल त्यांना दिसली, कारण कंपनीतले एक साहेब सहज घरी आले होते आणि ते पडवीत जाऊन ‘अरे वा, ही इथे कशी’ म्हणून चकित झाले. झालं. त्या दिवसापासून ती अण्णांची वेल झाली. फुलली की साहेबांना सहकुटुंब चहाला बोलावायचं ठरलं. निडीच्या गुरुजींनाही निरोप गेला. ‘आमच्या वाडीत विलायती वेल लावलीय’, असं अण्णा ओटीवरून सांगायचे आणि अडकित्ता कसा खुशीत चालायचा.

त्याच आठवड्यात बायजा मीठ टाकून गेली आणि वहिनी बाजूला बसली. त्या काळी आमच्या घरात महिन्याचे चार दिवस बाईनं पडवीच्या टोकाला कांबळ्यावर बसायचं, कशाला शिवायचं नाही. मी अजून अल्लड समजली जायचे म्हणून माझ्याकडे काकू थोडा काणाडोळा करायची, वहिनीकडे मुळीच नाही. जाताना वहिनीनं वेल माझ्यावर सोपवली. चार दिवस तू बघ, शकू. बोट घालून बघ आणि मगच पाणी दे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागे न्हाणीकडे गेली असताना अण्णांनी मला हाक मारली. गडी माडांना मीठ घालत होता. अण्णा म्हणाले, पाटी घेऊन ये. मी मिठाची पाटी घेऊन त्यांच्यामागे पडवीत आले. त्यांनी डब्यातलं सोडण काठीनं बाजूला केलं, माझ्या हातातल्या पाटीतून दोन ओंजळी खडेमीठ घेतलं, आत घातलं आणि वर राख पसरून दाबली. मी म्हटलं, अण्णा, वहिनी म्हणते हिला काही घालायचं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “जे माडाला, ते वेलीला,” ते म्हणाले. “घोस बघ आता कसे नारळाएवढे होतात. फुलल्यावर सांगू सगळ्यांना, आत्ता बोलू नकोस.”

हात झटकून ते निघून गेले. मला ते मीठ काढून टाकता आलं असतं. वर राख होती, खाली मीठ होतं, दोन मिनिटांचं काम. मी पाटी जागेवर ठेवली आणि ओटीवर जाऊन पुस्तक वाचत बसले. अण्णांना येतं, असं मला वाटलं असेल का? नाही. मला तेव्हाही ते बढाईखोरच वाटायचे. मी फक्त घाबरले होते, आणि घाबरणाऱ्या हुशार मुलीला नेहमी काहीतरी वाचायचं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू आणि मी शेजारी पापड लाटायला गेलो होतो. आमचे पापड आमच्या परसात वाळत होते. अचानक वळवाचं वादळ उठलं, वाऱ्याबरोबर आडवा पाऊस आला. काकू पापडांसाठी धावत सुटली, मी तिच्यामागे. परसात पोचलो तर पापड चिखलात गेले होते आणि वहिनी दोन्ही हातांनी वेलीचा डबा कवटाळून त्याला भिंतीकडे सरकवत होती, कळ्यांवर झड येऊ नये म्हणून. वर सुतळी धरून, वेल ताणणार नाही अशा बेतानं. काकूनं काही न बोलता चिखलातले पापड गोळा केले. ती काही बोलली नाही याचा अर्थ मला कळायला हवा होता. पापडांचं खापर फोडायला तिला डोकं मिळालं होतं, पण त्याहून मोठं काहीतरी ती राखून ठेवत होती.

चौथ्या दिवशी न्हाऊन वहिनी आली, बोट घालून बघितलं, कोरडं लागलं म्हणून तिनं वेलीला पाणी घातलं. नेमकं, प्रेमानं, तांब्याच्या धारेनं. मीठ विरघळून मुळाशी गेलं ते तिच्या हातानं. आठ दिवसांत पानं मऊ पडली, कडेनं तपकिरी झाली, आणि मग सातही घोस एकेक करून गळले. वहिनी ते गळलेले कळे पदरात वेचायची. तिला काही कळत नव्हतं. पाणी कमी पडलं म्हणून तिनं आणखी पाणी घातलं. मग जास्त झालं म्हणून बंद केलं. तिनं मला दोनदा विचारलं, तू काही घातलंस का गो चार दिवसांत? मी म्हटलं, नाही. ते अगदी खरं होतं. मी घातलं नव्हतं, मी पाटी धरली होती.

निवाडा दुपारच्या जेवणाला झाला. त्या दिवशी तांदळाची भाकरी आणि कोलंबी होती, आणि साहेब चहाला येणार होते त्यांना आता काय कळवायचं यावर बोलणं चाललं होतं. काकूनं अण्णांच्या ताटात भात वाढला आणि सरळ म्हणाली, “बाजूला बसली असताना हिनं वेल शिवलीन. दोन्ही हातांनी धरली होतीन. मी बघितलं, शकूनं बघितलं. मग काय व्हायचं ते झालं.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. शकूनं बघितलं होतं, हेही खरं होतं, म्हणून शकूनं मान हलवली. चुलतभाऊ ताटाकडे बघत राहिला, त्याचा कणा आधीपासूनच कोलंबीचा होता. अण्णांनी कालवलेला घास तोंडात घातला, सावकाश गिळला आणि म्हणाले, “जाऊ दे. काही जणींच्या हाताला गुण नसतो, त्याला ती काय करणार.” वर ते उदारही झाले. वहिनी वाढत होती. तिनं हातातली पळी वाडग्यात ठेवली आणि आत गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्या म्हणीतल्या चोरानं निदान शेजारी बसून कोलंबी खाल्ली नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला ओटीवर बोलावलं. सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं, जणू मी मोठी झाले होते. “निकाल चांगला लागेल तुझा. पेणला कॉलेजात घालू तुला. तुझ्या बापाला मी सांगतो,” ते म्हणाले. तोवर माझं पुढचं शिक्षण म्हणजे घरात रोजचा वाद होता, काकूच्या मते मुलीला दहावी म्हणजे डोक्यावरून पाणी. अण्णांनी मिठाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. आम्हा दोघांत व्यवहार झाला आणि दोघांनीही तो चोख पाळला. त्यांना मी नीच म्हणत आले आहे, पण त्यांचं आपलं एकच झालं की ते मूर्ख होते आणि मूर्खपणा झाकत होते. मी मूर्ख नव्हते.

पाऊस लागायच्या आधी बायजा राहिलेली पाटी टाकायला आली. डबा तसाच खांबाशी होता. त्यातली राख वाऱ्यानं उडाली होती आणि मातीवर पांढरा थर वर आला होता. काकू चहा करायला आत गेली होती, वहिनी आता त्या बाजूला फिरकतही नव्हती. बायजानं वाकून बोटानं तो थर खरवडला आणि जिभेला लावला. “या डब्यात मीठ कोनी घातला गो? मिठानं मेलीय ही येल. मना काय सांगतंस, मी मिठात जल्मलेली हाय.” मी म्हटलं, मीठ नाय, चुना आहे तो, मुंग्यांसाठी टाकलाय. बायजानं माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं जीभ पुसली आणि चहाची वाट बघत बसली. ती गेल्यावर मी तो डबा उचलून वाडीच्या कुंपणापलीकडे उलटा केला.

पुढच्या वर्षी वहिनीला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात पोट रिकामं झालं. काकू शेजारणीला सांगायची, जिच्या हाताला वेल नाही धरली, तिच्या पोटी काय धरणार. हे वहिनीसमोरच. मग लोणच्याच्या बरणीला तिनं हात लावायचा नाही, भाज्यांचं बी तिनं पेरायचं नाही, गाय व्यायली तर तिनं गोठ्यात जायचं नाही. आणि सगळ्यात वाईट हे की हळूहळू तीच बाजूला व्हायला लागली. कुणी रोप दिलं तर हात मागे घ्यायची. नंतर तिला मुलगी झाली, धट्टीकट्टी, आज ती पुण्यात आहे. पण हातगुणाचं शास्त्र असं की त्यात चांगलं झालं तर ते आपोआप होतं, आणि वाईट झालं तर ते कुणाच्या तरी हातून होतं. काही वर्षांनी चुलतभावाची पेणला बदली झाली आणि वहिनी त्या घरातून सुटली. अण्णा नव्वदीपर्यंत जगले. बायका त्यांच्या पाया पडून घरच्या झाडांसाठी आशीर्वाद मागायच्या.

आणि मी? मी कॉलेजात गेले, बी.एस्सी. झाले, पेणच्याच मुलाशी लग्न केलं आणि पेणच्याच शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी नववीच्या वर्गात मी बटाट्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यात टाकायचे. तासाभरानं त्या मऊ पडल्या की मुलांना दाखवायचे, बघा, बाहेर मीठ जास्त असलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, याला परासरण म्हणतात. मुलं आपापल्या वहीत आकृती काढायची. मी इतकी छान शिकवायचे की निरीक्षकांनी शेरा लिहिला होता. शाळा सुटली की घरी जाताना वहिनीच्या बिल्डिंगवरून जायचे, कधी वर चढायचे, तिच्या हातचा आल्याचा चहा घ्यायचे, आणि अण्णा, काकू, चुलतभाऊ, सगळ्यांना मिळून नावं ठेवायचे. वहिनी म्हणायची, जाऊ दे गो, तुझी जीभ फार तिखट. मला त्याचा अभिमान होता. कोंबडं मी झाकलं होतं आणि तांबडं फुटत नाही म्हणून जगावर चिडत होते.

तर ती भाच्यानं दिलेली वेल. ती मी दोन दिवस माझ्या खिडकीत ठेवली आणि मग उचलून वहिनीकडे गेले. वहिनी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, चुलतभाऊ गेल्यापासून एकटीच राहते, गुडघ्यांना पट्टे बांधते. तिच्या गॅलरीत फक्त कपडे वाळत असतात. दाराला प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण आहे. मी त्यावरून तिची थट्टा केली होती पुष्कळदा. मी कुंडी टीपॉयवर ठेवली. तिनं ओळखली. चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं बरं झालं आणली. मी म्हटलं, लाव गॅलरीत. आणि त्या बाईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकात एक घालून. “तूच लाव कुठेतरी, शकू. मी नाही शिवत. माझ्या हाताला नाही ते,” ती म्हणाली. साधेपणानं, उंची किंवा रक्तगट सांगावा तसं.

मला वाटत होतं, तिनं ते हातगुणाचं खूळ कधीच टाकून दिलं असेल. शिकलेली बाई, मास्तरांची मुलगी. मी इतकी वर्षं त्या समजुतीवर निवांत चहा प्यायले होते. मग मी सगळं सांगितलं. अण्णा, पाटी, काठी, राख, कॉलेज, बायजाची जीभ. काही गाळलं नाही. संपल्यावर तिनं विचारलं, “किती होतं मीठ?”

दोन ओंजळी, मी म्हटलं.

“खडे?”

खडेच.

“मग कशी वाचेल,” वहिनी म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत होती ती माझ्याकडे वळली. “इतकी वर्षं चार गल्ल्यांवर राहतेस गो तू,” ती म्हणाली.

वहिनीनं मांडीवरचे हात सोडले. कुंडी स्वतःकडे ओढली आणि मधलं बोट मातीत घातलं, पहिल्या पेरापर्यंत, मग दुसऱ्यापर्यंत. नर्सरीतल्या मेल्यानं पाणी फार घातलंय, ती पुटपुटली. उठली, गुडघ्यावर हात टेकत गॅलरीत गेली, वाळत घातलेले कपडे एका बाजूला सारले आणि दोरीच्या खिळ्याला कुंडी अडकवून वेलीची टोकं एकेक करून सोडवायला लागली. पाठ माझ्याकडे होती. मी चपला घातल्या आणि दार माझ्यामागे ओढून घेतलं. त्या घरातून चहा न घेता मी आजवर कधी परत आले नव्हते.